मालर यांची दहावी सिंफनी: खर्डा वाजवावा की मिटून ठेवावा?

ऑस्ट्रियन संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक गुस्टाव्ह मालर १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात गेले. मागे राहिलेल्या कागदांत एका सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा, गठ्ठा होता. ७२ पानं वाद्यवृंदाच्या पूर्ण मांडणीत लिहिलेली, पन्नासेक पानं मोजक्या ओळींत बसवलेल्या खर्ड्याची, आणि चाळीसहून जास्त पानं सुटी टिपणं, खाडाखोड आणि मध्येच घालायचे तुकडे अशी.

या गठ्ठ्यात पाच भाग आहेत. पहिला, ‘ॲडाजिओ’, २७५ बारांचा. तो वाजवता येईल इतका मांडून झालेला. (पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेलं एक घर म्हणजे बार.) दुसरा भागही वाद्यवृंदासाठी मांडलेला, पण घाईने, कितीतरी ओळी मोकळ्या सोडून. तिसरा, ‘पुर्गातोरिओ’, अवघा १७० बारांचा. त्यातले पहिले तीसेक बार मांडलेले आहेत, पुढे नुसता खर्डा. चौथा आणि पाचवा भाग तर जवळजवळ खर्ड्यातच आहेत. क्वचित कुठे ‘इथे अमुक वाद्य’ एवढीच खूण.

‘अपुरी सिंफनी’ म्हटलं की आपल्याला मध्येच थांबलेलं काहीतरी आठवतं. शुबर्ट यांच्या आठव्या सिंफनीचे दोन भाग पुरे आहेत आणि तिसरा सुरू होता होता थांबतो. ब्रुकनर यांच्या नवव्या सिंफनीचे तीन भाग तयार आहेत, चौथ्याची काही पानंच हरवली आहेत. मालर यांची गोष्ट वेगळी. इथे पहिल्या बारापासून शेवटच्या बारापर्यंत धागा कुठेही तुटत नाही. मुख्य सुरावट शेवटपर्यंत चालते. मोकळं आहे ते तिच्या खालचं: सोबतीचे सूर, आतल्या ओळी, कोणतं वाद्य काय वाजवणार ते. ही सिंफनी आडवी पुरी आहे आणि उभी अपुरी आहे. हा फरक नीट लक्षात घेतला नाही, तर पुढच्या भांडणात कोण कशासाठी भांडत होतं ते कळत नाही.

१९१०चा उन्हाळा

ही सिंफनी लिहिली गेली टोब्लाखजवळ, आल्प्सच्या दक्षिण उतारावर, रानातल्या एका लाकडी खोपट्यात. मालर उन्हाळ्यात तिथे एकटे बसून लिहीत. त्या जुलैत त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली. पत्नी आल्मा विश्रांतीसाठी दुसऱ्या गावी गेल्या होत्या आणि तिथे त्यांची तरुण वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांच्याशी ओळख झाली. त्या ओळखीचं पुढे प्रेमात रूपांतर झालं. ग्रोपियस यांनी आल्मांना लिहिलेलं पत्र पाकिटावर मालर यांचंच नाव घालून धाडलं, आणि ते मालर यांनी उघडलं. ऑगस्टच्या अखेरीस मालर थेट हॉलंडमधल्या लायडनला जाऊन सिग्मंड फ्रॉइड यांना भेटले. १२ सप्टेंबरला म्युनिकमध्ये त्यांच्या आठव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला आणि त्यांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश मिळालं. मग न्यूयॉर्कचा हंगाम, फेब्रुवारीत आजारपण, आणि मे महिन्यात शेवट. दहाव्या सिंफनीकडे परत वळायला त्यांना सवड मिळाली नाही.

त्या उन्हाळ्यातलं सगळं पानांवर उतरलं आहे. ‘पुर्गातोरिओ’च्या पानावर क्रूसावरच्या ख्रिस्ताचा आक्रोश आहे: देवा, तू मला का सोडलंस? त्याच भागाच्या शीर्षकपानाचा खालचा अर्धा तुकडा कापून टाकलेला आहे. चौथ्या भागाच्या आवरणावर लिहिलंय, सैतान माझ्याबरोबर हे नाचतोय. शेवटच्या पानावर, अगदी शेवटच्या सुरांखाली, फक्त आल्मांसाठी: तुझ्यासाठी जगणं, तुझ्यासाठी मरणं, आल्मशी! (आल्मशी हे आल्मांचं लाडाचं नाव.)

आणि चौथ्या भागाच्या अखेरीस एक ठोका आहे. पूर्ण दाबलेल्या ढोलाचा एकच ठोका. शेजारी मालर लिहितात, याचा अर्थ फक्त तुलाच ठाऊक आहे. आल्मांनी तो अर्थ आठवणींत सांगून ठेवला आहे. १९०८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याची अंत्ययात्रा त्यांच्या हॉटेलखालून चालली होती. मिरवणूक थांबली, कुणी काही बोललं, आणि मग कापडाने दाबलेल्या ढोलाचा एक आवाज वर अकराव्या मजल्यापर्यंत आला. पलीकडच्या खिडकीत मालर वाकून उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं. अडीच वर्षांनी तो आवाज सिंफनीत आला.

झाकलेलं पान उघडतं, पण अर्धंच

१९२४ साली आल्मांनी हस्तलिखिताची छायाप्रत छापून प्रसिद्ध केली, पतीच्या त्या खासगी ओळींसकट. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला फ्रान्झ शाल्क यांनी व्हिएन्नात पहिला आणि तिसरा असे दोनच भाग वाजवले. त्यांची प्रत तरुण संगीतकार एर्न्स्ट क्रेनेक यांनी तयार केली होती. उरलेल्या तीन भागांना हात लावायला कोणी धजेना. चाळीसच्या दशकात मालरप्रेमींनी शोस्ताकोविच यांना विचारलं, शोनबर्ग यांना विचारलं. दोघांनीही नकार दिला. त्यांच्या नकारात मला भित्रेपणा दिसत नाही. स्वतःचा आवाज असलेल्या संगीतकाराला दुसऱ्याच्या मोकळ्या ओळीत आपला आवाज न येऊ देणं फार अवघड जातं. हे काम आपलं नाही, हे त्या दोघांनी ओळखलं होतं, असं मला वाटतं.

ज्यांनी ते अंगावर घेतलं ते बहुतेक संगीतकार म्हणून प्रसिद्ध नव्हते. अमेरिकेत क्लिंटन कार्पेंटर आणि इंग्लंडमध्ये जो व्हीलर आपापल्या घरी, एकमेकांपासून दूर, वर्षानुवर्षं या पानांवर बसले. आणि लंडनमध्ये डेरिक कुक.

कुक बीबीसीच्या संगीत विभागातले. १९६०ला मालर यांची जन्मशताब्दी आली आणि त्यांच्याकडे एक पुस्तिका लिहायचं काम आलं. दहाव्या सिंफनीवर चार ओळी लिहायला म्हणून त्यांनी १९२४ची छायाप्रत काढली, आणि वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं की हा पसारा नाही, हे सलग संगीत आहे. त्यांनी ते उतरवून काढायला घेतलं. १९ डिसेंबर १९६० रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅम या रेडिओ वाहिनीवर कुक यांचं सोदाहरण व्याख्यान झालं. बर्टोल्ड गोल्डश्मिट यांच्या संचालनाखाली फिलहार्मोनिया वाद्यवृंदाने जेवढं तयार होतं तेवढं वाजवून दाखवलं. दोन्ही स्केर्झोंमध्ये, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या भागांत, अजून खिंडारं होती. गोल्डश्मिट स्वतः संगीतकार, नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले. त्यांच्या सल्ल्याशिवाय हे काम उभं राहिलं नसतं.

कुक यांनी नेमकं काय केलं

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा वाद याच्यावरच आहे.

‘पुर्गातोरिओ’ घ्या. सुरुवातीचा भाग शेवटी परत येतो, पण मालर यांनी तो पुन्हा लिहून काढला नाही, ‘सुरुवातीपासून’ एवढीच सूचना केली. आता मालर यांच्या बाकीच्या सिंफन्या ऐकलेल्या कुणालाही ठाऊक आहे की परत येणारी गोष्ट ते सहसा जशीच्या तशी आणत नाहीत; वाद्यं बदलतात, एखादी नवी ओळ वर चढते. मग कुक यांनी काय करावं? जसंच्या तसं ठेवावं तर ते मालर यांच्या स्वभावाला सोडून. बदलावं तर बदल कुक यांचा. कुक यांनी तिथे लगाम खेचूनच ठेवला. चौथ्या भागात मात्र त्यांना झांज, झायलोफोन, आतल्या ओळी असं पुष्कळ घालावं लागलं, कारण तिथे कागदावर उघडी सुरावट आणि खालचा सूर यांपलीकडे लांबच्या लांब काहीच नाही.

माझ्या मते कुक यांचा मोठेपणा ते छापताना दिसतो. १९७६ साली संहिता प्रसिद्ध झाली तेव्हा वर वाद्यवृंदाची पूर्ण मांडणी आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मालर यांचा मूळ खर्डा, अशी रचना त्यांनी ठेवली. शीर्षकात ‘पूर्ण केलेली’ हा शब्द कुठेच नाही. ‘दहाव्या सिंफनीच्या खर्ड्याचा प्रयोगासाठी तयार केलेला पाठ’ असं ते नाव आहे. वाचणाऱ्याला नजर खाली नेऊन कुठल्याही बारात विचारता येतं: हे कुणाचं? मोडी कागदाचं देवनागरीत लिप्यंतर करणारा चांगला अभ्यासक फाटलेल्या जागी कंस टाकतो आणि आपला तर्क वेगळ्या टायपात छापतो, तोच हा रिवाज. कुक यांचं म्हणणंही सरळ होतं: मालर जगले असते तर त्यांनी हे सगळं बदललं असतं, तेव्हा ही ‘मालर यांची दहावी’ नव्हे, मालर यांनी लेखणी ठेवली त्या क्षणी ती जिथे होती, ती ऐकू येईल अशी केली आहे, एवढंच.

अमृताच्या ताटातली नरोटी

प्रक्षेपणानंतर आल्मांनी बंदी घातली. पुढे प्रयोग नाही, प्रकाशन नाही. मालर यांचे शिष्य आणि सहकारी ब्रुनो वॉल्टर यांचा विरोध त्यामागे होता. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय मालर सोसायटीचे अध्यक्ष एर्विन रात्स यांचाही ठाम विरोध होता. सोसायटीच्या अधिकृत आवृत्तीत त्यांनी एकटा ॲडाजिओ काढला. त्यांचा मुद्दा असा: मालर यांच्या बाबतीत खर्डा हा निव्वळ एक टप्पा असे. पुढच्या प्रत्येक फेरीत ते आतून बदल करत. तो बदल दुसऱ्या कुणालाही करता येणार नाही, म्हणून कुणी करू नये.

मराठी वाचकाला हा विरोध परका वाटू नये. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. रात्स यांचं म्हणणं याहून वेगळं नाही. पण एकनाथांकडे पाहताना मला दुसरी बाजूही दिसते. ज्यांनी नरोटीचा इशारा दिला, त्यांनीच ग्रंथाला हात घातला होता. प्रती भ्रष्ट झाल्या होत्या, आणि हात न लावणं म्हणजे तो ग्रंथ तसाच भ्रष्ट वाचत राहणं होतं. हात घालणं आणि ओवी घुसडणं यात त्यांनी भेद केला. कुक यांची केस त्याहून अवघड आहे, हे मान्य करायलाच हवं. पाठ शुद्ध करून त्यांना थांबता आलं नाही. मोकळ्या ओळींत त्यांना स्वतःचे सूर घालावेच लागले. फक्त ते त्यांनी मालर यांच्या नावावर खपवले नाहीत.

वॉल्टर यांच्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. ‘दास लीड फॉन डेअर एर्ड’ १९११च्या नोव्हेंबरात आणि नववी सिंफनी १९१२च्या जूनमध्ये, अशा दोन्ही कृती मालर गेल्यावर पहिल्यांदा वाजल्या, आणि दोन्ही वॉल्टर यांनीच वाजवल्या. मालर तालमीत ऐकून आपली मांडणी सतत दुरुस्त करत. पाचव्या सिंफनीवर तर ते वर्षानुवर्षं हात फिरवत राहिले. या दोन कृतींना तो हात लाभलाच नाही. त्यांची मांडणी पुरी होती, दहावीची नव्हती, हा फरक खरा आहे आणि मोठाही आहे. तरी ‘मालर यांचा अंतिम शब्द’ ही रेघ वाटते तितकी ठळक नाही, हे वॉल्टर यांच्याच हातून दिसतं.

आल्मा ऐकतात

१९६३च्या वसंतात संचालक हॅरॉल्ड बर्न्स न्यूयॉर्कमध्ये आल्मांकडे गेले. त्यांनी कुक यांची संहिता दाखवली आणि बीबीसीच्या प्रक्षेपणाची टेप लावली. ज्या गोष्टीवर बंदी घातली ती आल्मांनी तोवर ऐकलीच नव्हती. टेप संपल्यावर त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. ८ मे १९६३ रोजी त्यांनी कुक यांना पत्र लिहिलं: आपल्याला हे ऐकून भरून आलं, आपण आपला आधीचा निर्णय मागे घेत आहोत, जगात कुठेही प्रयोग करायला आपली संपूर्ण परवानगी आहे.

मला या प्रसंगात बाईंच्या मनाची जी अवस्था असेल ती सोडवत नाही. त्रेपन्न वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा, ज्याचं कारण त्या स्वतः होत्या. नवऱ्याच्या किंकाळ्या त्यांनी छापून जगाला दाखवल्या होत्या. पण त्या सुरांत ऐकायला त्यांना तितकी वर्षं लागली. हे संगीत ऐकताना त्या वयात त्यांना काय दिसलं असेल! दुसऱ्या वर्षी ११ डिसेंबरला त्या गेल्या.

परवानगीनंतर मालर यांची कन्या ॲना यांनी कुक यांना आणखी पानांच्या छायाप्रती पाठवल्या. खिंडारं भरली. १३ ऑगस्ट १९६४ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या उन्हाळी संगीतमहोत्सवाच्या मैफलीत, गोल्डश्मिट यांनी लंडन सिंफनी वाद्यवृंदाकडून पाचही भाग वाजवून घेतले.

तबकडी आणि तिचं लेबल

पहिली तबकडी अमेरिकेत झाली. यूजीन ऑर्मंडी यांनी १९६५च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फिया वाद्यवृंदासह ही सिंफनी अमेरिकेत पहिल्यांदा वाजवली आणि लगेच मुद्रित केली. कुक यांचं काम तेव्हा संपलेलं नव्हतं. कॉलिन आणि डेव्हिड मॅथ्यूज या भावांच्या मदतीने ते पाठ सुधारत होते. सुधारलेला पाठ १९७२ साली विन मॉरिस यांनी वाजवला आणि मुद्रित केला. म्हणजे घरोघरी गेलेली पहिली दहावी हा कुक यांनी स्वतः मागे सोडलेला मसुदा होता. मैफल विरून जाते. तबकडी राहते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात तीच ‘दहावी’ होऊन बसते.

म्हणून मुद्रणाच्या बाबतीत माझं मत मैफलीपेक्षा कडक आहे. वेष्टनावर कुक यांचं नाव आणि पाठाचं वर्ष मालर यांच्या नावाच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरात हवं. आज मोबाइलवर ऐकताना कितीदा नुसतं ‘मालर १०’ दिसतं. त्याखाली एकटा ॲडाजिओ असतो, कुक यांचा पाठ असतो, किंवा कार्पेंटर, व्हीलर, रेमो मॅझेटी, रुडॉल्फ बारशाय यांपैकी कुणाचा असतो. कार्पेंटर यांचा पाठ भरगच्च आहे, बारशाय यांच्या पाठात तालवाद्यांचा रंग फार गडद आहे. नाव नसेल तर ऐकणारा एका माणसाचे सूर दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो.

मुद्रणात आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे तो ढोल. चौथा भाग त्या एका ठोक्यावर संपतो, पाचवा त्याच ठोक्याने सुरू होतो, आणि मग खालच्या सुरांतला ट्युबा चाचपडत वर येऊ पाहतो. पुन्हा ठोका, पुन्हा ट्युबा. काही संचालक शेवटचा आणि पहिला असे दोन ठोके एकच मानतात. आणि आवाज? मालर लिहितात, पूर्ण दाबलेला. तरी कित्येक तबकड्यांत तो तोफेसारखा येतो. मोठा बास ड्रम, जवळ ठेवलेला मायक्रोफोन. हेडफोन लावून ऐकताना मी पहिल्यांदा खुर्चीतून उठलो होतो. पण अकरा मजले वर पोचलेला, कापडाने दाबलेला ढोल दचकवणार नाही. तो पोटात लागेल. कुक यांच्या पाठात काहीही सैल असो, हा ठोका मात्र मालर यांचा आहे, आणि तोच सर्वाधिक वेळा चुकीचा वाजतो याचं मला वाईट वाटतं.

मग वाजवावं का?

बर्नस्टाइन, हायटिंक, अबाडो, बुलेझ हे मालर यांना आयुष्य वाहिलेले संचालक ॲडाजिओपाशी थांबले. दुसरीकडे पंचविशीतल्या सायमन रॅटल यांनी १९८०मध्ये बोर्नमथ वाद्यवृंदासह पाचही भाग मुद्रित केले, आणि १९९९मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह पुन्हा. मॅथ्यूज बंधूंनी कुक यांच्या निधनानंतर १९८९मध्ये पाठाची पुढची आवृत्ती काढली. प्रत्यक्ष व्यवहारात निकाल आता लागलेला आहे. मोठे वाद्यवृंद पूर्ण दहावी वाजवतात.

थांबणाऱ्यांचा आदर ठेवून मी वाजवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि कारण पूर्णतेच्या हौसेचं नाही. एकटा ॲडाजिओ वाजवण्याने मालर यांचं म्हणणं अर्धवट राहत नाही, ते बदलतं. ॲडाजिओ सुरू होतो एकट्या व्हायोलांनी, सोबत काही नाही, पंधरा बार. पुढे एका क्षणी सगळा वाद्यवृंद फुटतो: नऊ वेगवेगळ्या सुरांचा एक भयंकर थर, आणि त्यातून ट्रम्पेटचा एकच सूर लांबत, चिरत राहतो. एवढंच ऐकून लोक घरी गेले, तर मालर यांचा शेवट अंधारात झाला असंच ते समजणार. कित्येक दशकं तसं समजलं गेलंही. पण पाचव्या भागात तोच थर परत येतो, तोच ट्रम्पेट परत चिरतो, आणि त्याच्यानंतर संगीत थांबत नाही. ढोलाच्या ठोक्यांनंतर बासरीने जी सुरावट म्हटलेली असते, तिच्याकडे ते वळतं आणि तिला व्हायोलिनांवर पसरू देतं.

हे कुक यांनी रचलेलं नाही. खर्ड्यात या शेवटाची दोन रूपं आहेत. आधी मालर यांनी तो बी फ्लॅटमध्ये लिहिला, सिंफनी जिथून निघाली तिथून बराच लांब. मग ती पानं बाजूला ठेवून त्यांनी सगळा शेवट एफ शार्प मेजरमध्ये, ॲडाजिओच्या घरच्या सुरात, पुन्हा लिहून काढला. शेवटून थोडं आधी सुरावट एकदम मोठी झेप घेते, उसासा टाकावा तशी, आणि खाली उतरून विसावते. तिच्याखाली ते नाव आहे: आल्मशी.